महालक्ष्मी रेसकोर्स

मुंबईतील घोड्यांच्या शर्यतींचे ऐतिहासिक मैदान. क्षेत्रफळ सुमारे २११ एकर. त्यातील १२० एकर जमीन सार्वजनिक उद्यानासाठी राखली आहे. पूर्वेस महालक्ष्मी स्थानक, दक्षिणेस केशवराव खाड्ये मार्ग, पश्चिमेस हाजी अली व समुद्र.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉर्नबी वेलार्ड या बांधाने वरळीच्या खिंडारातून शिरणारे भरतीचे पाणी अडवले आणि आतली खाजणे हळूहळू कोरडी पडली. त्याच सखल जमिनीवर १८८३ साली हे मैदान झाले. त्याआधी शर्यती भायखळ्याला होत. मैदानाचा कारभार रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडे आहे. हंगाम हिवाळ्यात सुरू होतो. पावसाळ्यात शर्यती पुण्याला जातात. १९४३पासून येथे इंडियन डर्बी ही २,४०० मीटरची शर्यत होते.

शर्यतींइतकाच महत्त्वाचा, पण क्वचित नोंदला जाणारा उपयोग म्हणजे रोजचे फिरणे. भल्या पहाटे सईस घोडे बाहेर काढतात, जॉकी त्यांना सरावाला पळवतात. थोड्या वेळाने त्याच मैदानात बूट घातलेली माणसे चालू लागतात. पायाखाली डांबर नाही, माती आहे. डोक्यावर पूल नाही, आभाळ आहे. मुंबईत ही चैनच. मैदान फिरायला येणाऱ्यांसाठी मोकळे ठेवणे ही क्लबची खरी लोकसेवा म्हटली पाहिजे.

जमीन राज्य शासन व महापालिका यांच्या मालकीची. भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला आणि जागेचे पुढे काय करायचे, हा वाद दहा वर्षांहून अधिक चालला. जानेवारी २०२४ मध्ये क्लबच्या सदस्यांनी बहुमताने उद्यानाच्या बाजूने कौल दिला. जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळाने १२० एकर महापालिकेला व ९१ एकर क्लबला भाडेपट्ट्याने देण्यास मान्यता दिली. शर्यतींची धावपट्टी क्लबकडेच राहते. किनारी रस्त्यालगतची भराव टाकलेली हिरवी जागा जोडून उद्यान सुमारे ३०० एकरांचे करण्याची योजना आहे. जमिनीखाली क्रीडासंकुल व वाहनतळ प्रस्तावित आहेत. हीच गोष्ट जपून करायला हवी: छतावर पसरलेल्या मातीच्या थरात मोठे वृक्ष खोल रुजत नाहीत, आणि खाजणाची ही सखल जमीन पावसाचे पाणी पिते.

शांघायमध्येही जुन्या रेसकोर्सच्या जागेवर १९५२ साली पीपल्स पार्क झाले. तिथे शर्यती मात्र कायमच्या बंद पडल्या. महालक्ष्मीला घोडे आणि फिरणारी माणसे यांच्यामध्ये आजही फक्त एक कठडा आहे.