गावदेवी ते आपलं गेट : कमिटीच्या कारभाराचा इतिहास

स्मरणिका समितीने फर्मान काढलं, "काका, इतिहास लिहा, पण थोडक्यात." आपल्या इमारतींचा इतिहास पंचवीस वर्षांचा. कमिटी, मेंटेनन्स, सर्वसाधारण सभा हा सगळा प्रकार मात्र शंभर वर्षांहून जुना आहे.

१९०४ चा सहकार कायदा फक्त पतसंस्थांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने इतर सहकारी संस्थांनाही दार उघडलं आणि १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. देशातली ही पहिली गृहनिर्माण संस्था मानतात. तिच्यामागे होते रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तालमकी. आम्हा बँकवाल्यांना हे नाव आणखी एका कारणाने ठाऊक : १९०६ सालची शामराव विठ्ठल बँक, तेव्हाची पतपेढी, त्यांनीच सुरू केली. तारदेवची तालमकीवाडी त्यांच्याच नावाची.

पुढे १९२५ चा मुंबई प्रांताचा कायदा आला आणि मग आजही आपल्याला लागू असलेला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०. त्याचं कलम ७२ सगळ्यांनी एकदा वाचावं. संस्थेची अंतिम सत्ता सर्वसाधारण सभेची, कमिटीची नव्हे. "कमिटीने काय केलं?" असं जिन्यात विचारणाऱ्याच्या हातात खरं म्हणजे कमिटीपेक्षा जास्त अधिकार आहे, फक्त तो सभेत येऊन वापरावा लागतो.

आपल्याकडे पहिली दोन वर्षं भांडण एकाच गोष्टीवरून झालं. मोठ्या फ्लॅटवाल्याने मेंटेनन्स जास्त का देऊ नये? आदर्श उपविधी सांगतात, सेवाशुल्क सगळ्यांना सारखं, पाणीपट्टी नळांच्या संख्येवर. वॉचमन काही हॉलचं क्षेत्रफळ मोजून पहारा देत नाही, हा युक्तिवाद शेवटी एका आजींनी केला आणि विषय मिटला.

थकबाकीचं दुखणं मात्र कायमचं. बँकेत वसुलीला जाताना समोरचा अनोळखी असायचा. इथे ज्याला नोटीस द्यायची, त्याच्याकडेच संध्याकाळी सत्यनारायणाचा प्रसाद घ्यायला जायचं! तरुण सभासद म्हणतात, पाणी तोडा. तो अधिकार कमिटीला नाही. उपविधींप्रमाणे व्याज २१ टक्क्यांपर्यंत लावता येतं, आणि निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळवता येतो. पूर्वी त्यासाठी कलम १०१ होतं, २०१९ च्या दुरुस्तीने गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरणच आलं. वेळ लागतो, पण रस्ता हाच. विनावेतन काम करणाऱ्या सेक्रेटरीने शेजाऱ्याचा राग ओढवून घ्यायचा, हे काम कोणी हौसेने करत नाही, एवढं लक्षात असू द्यावं.

आता खरा विषय. १९६३ च्या मोफा कायद्याने बिल्डरवर दोन जबाबदाऱ्या टाकल्या : सोसायटी नोंदवून देणं आणि जमीन तिच्या नावावर करून देणं. पहिली आपल्या बिल्डरने पार पाडली. दुसरी अजून बाकी आहे. पंचवीस वर्षांचा आपण सोहळा करतोय, पण पायाखालची जमीन कागदोपत्री आपली नाही. २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची सोय झाली. बिल्डर सही करत नसेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो.

वार्षिक सभेला गणपूर्ती म्हणजे दोन तृतीयांश किंवा वीस सभासद, यांतला कमी आकडा. तेवढेही जमले नाहीत तर अर्ध्या तासाने हजर असतील तेवढ्यांत सभा चालते, आणि आपली बहुतेक वेळा तशीच चालली. उद्या पुनर्विकासाचा प्रश्न आला की शासनाच्या २०१९ च्या निर्देशांप्रमाणे दोन तृतीयांश सभासद लागतील. तिथे अर्ध्या तासाची पळवाट चालायची नाही.

कन्व्हेयन्सच्या अर्जाची फाइल ऑफिसच्या कपाटात आहे. काही सभासदांच्या करारनाम्यांच्या आणि इंडेक्स टूच्या प्रती अजून आलेल्या नाहीत. ज्यांच्या राहिल्यात त्यांनी रविवारी सकाळी झेरॉक्स आणून द्याव्यात, मी तिथे असतो.