घशांतील गांठी आणि शस्त्राचा निर्णय

जळोची हें एके काळीं बारामतीशेजारचें वेगळें गांव; आज तें बारामती शहरांतच मोडतें. तेथील एखाद्या आईच्या मांडीवर तापानें फणफणलेलें, घोट गिळतांना रडणारें मूल असावें व ‘गांठी काढाव्या कीं ठेवाव्या’ हा प्रश्न तिच्यापुढें यावा, यांत नवल नाहीं. हा प्रश्न घरगुती खरा. पण तो फार जुना आहे. त्याचा इतिहास पाहिला असतां, शस्त्र कसें चालवावें यापेक्षां तें केव्हां चालवूं नये हें शिकण्यासच मनुष्याला अधिक काळ लागला, असें दिसतें.

सुश्रुतसंहितेंत टाळूच्या रोगांत गलशुंडिका व तुंडिकेरी यांचें वर्णन आहे. पहिलीचा संबंध पडजिभेशीं. दुसरीचा मेळ आजचे वैद्य टॉन्सिलच्या सुजेशीं घालतात. गलशुंडिका फार कापल्यास रक्तस्रावानें प्राणसंकट ओढवतें, व कमी कापल्यास सूज आणि लाळ वाढते, असा इशारा ग्रंथकारानें तेथेंच दिला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत रोमन ग्रंथकार सेल्सस यानेंही या गांठी बोटानें सोडवून काढण्याची रीत लिहून ठेविली.

पुढें १८२८ सालीं अमेरिकेंतील फिजिक यानें या कामासाठीं खास हत्यार पुढें आणलें; १८६८ सालीं कोपनहेगनच्या मेयर यानें नाकामागील ॲडिनॉइडचें वर्णन केलें. भुलीचें औषध आल्यानें शस्त्रकर्म सोपें झालें होतेंच. विसाव्या शतकाच्या आरंभीं तर संधिवातापासून अनेक व्याधींचें मूळ या गांठींत दडलेलें असतें, असें मत बळावलें. आणि शहाण्या आईबापांनीं मुलांच्या गांठी काढवून घेणें हा जणूं शिष्टाचारच होऊन बसला!

या लाटेस हिशेबानें प्रश्न विचारणारे दोन प्रसंग ध्यानांत ठेवण्याजोगे आहेत. १९३४ सालीं प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कच्या एका पाहणींत एक हजार शाळकरी मुलें घेतलीं होतीं. त्यांपैकीं ६१ टक्क्यांच्या गांठी आधींच निघाल्या होत्या. उरलेल्यांतील ४५ टक्क्यांस शस्त्रक्रिया हवी, असें डॉक्टरांनीं ठरविलें. जीं सुटलीं तीं दुसऱ्या डॉक्टरांपुढें नेलीं. त्यांनीं ४६ टक्के निवडलीं. तिसऱ्यांनीं राहिलेल्यांतून ४४ टक्के निवडलीं! अखेरीस हजारांत अवघीं ६५ मुलें निर्दोष ठरलीं. पुढें १९३८ सालीं इंग्लंडांत ग्लोव्हर यांनीं दाखविलें कीं, शस्त्रक्रियेचें प्रमाण गांवोगांव अनेक पटींनीं बदलतें. हॉर्नसी येथें शाळांचा वैद्यकीय अधिकारी बदलतांच तें दशांशाच्याही खालीं आलें. एका वर्षांत मुलांचे घसे बदलले नव्हते. बदलली होती ती पाहणाऱ्याची दृष्टि.

१९८४ सालीं पिट्सबर्गच्या पॅराडाइज व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कसोटी लावून पाहिली. वर्षांत सात वेळां, किंवा दोन वर्षें दरसाल पांच वेळां, किंवा तीन वर्षें दरसाल तीन वेळां घसा खरोखर बिघडला असेल, तर शस्त्रक्रियेनें पुढील दोन वर्षें फायदा होतो. मात्र ज्यांवर ती केली नाहीं, त्यांतील पुष्कळ मुलेंही आपोआप सुधारलीं. गांठी मोठ्या दिसतात एवढ्यावरून शस्त्र धरणें चूक. बालपणीं त्या मोठ्या असतात, पुढें आकसतात. झोपेंत मोठ्यानें घोरतां घोरतां श्वास अडत असेल, तर गोष्ट निराळी. तेथें शस्त्रक्रियेचा विचार लवकर करावा लागतो.

‘थांबा’ म्हणजे ‘दुर्लक्ष करा’ नव्हे. घशांतील एका जातीच्या जंतूंमुळें संधिज्वर होऊन हृदयाच्या झडपा बिघडतात, आणि आपल्या देशांत हा रोग अद्याप गेलेला नाहीं. म्हणून तपासणी व डॉक्टरांनीं दिलेलें पेनिसिलिन ठरल्या दिवसांपर्यंत घेणें हें टाळतां येत नाहीं. उलट, गांठी काढल्यावर आठवड्याभरानेंही रक्तस्राव होऊं शकतो, हें आईबापांनीं आधींच विचारून घ्यावें.

बारामतीस २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तज्ज्ञाकडे जाण्यास आतां पुण्याची वाट धरावी लागत नाहीं. पण तज्ज्ञापाशीं जातांना आईनें एक वही न्यावी: कोणत्या तारखेस घसा धरला, ताप किती, शाळा किती दिवस बुडाली, रात्रीं श्वास कसा. न्यूयॉर्कच्या त्या डॉक्टरांजवळ नेमकी हीच वही नव्हती.