अमिगा आणि अटारी : एका भाऊबंदकीची हकीकत

गंधर्व नाटक मंडळीचा भक्त आणि ललितकलादर्शचा भक्त एका पंगतीला शेजारी बसले, तर मठ्ठा सांडल्यावाचून पंगत उठत नसे, असे जुनी माणसे सांगत. त्यात तिखटमीठ बरेच असेल. पण १९८५ नंतरच्या सात-आठ वर्षांत ब्रिटन, पश्चिम जर्मनी आणि आसपासच्या देशांतल्या शाळकरी पोरांनी जे भांडण मांडले होते, ते अगदी याच जातीचे. तिथे नट नव्हते की गवई नव्हते; होती ती दोन यंत्रे. एक अमिगा, कमोडोर कंपनीची. दुसरे एसटी, अटारी कंपनीचे. (एसटी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लाल डबा उभा राहतो, वाचकांनी तो घटकाभर आगारात ठेवावा.)

पाहू गेले तर ही यंत्रे सख्खी भावंडे शोभावीत. दोघांच्या पोटात मेंदू एकच, मोटोरोला कंपनीची ६८००० ही चिप. दोघांच्या फ्लॉपी साडेतीन इंची. खेळायची जॉयस्टिक एकाची काढून दुसऱ्याला लावली तरी चाले, कारण खोबण सारखीच, आणि तीही जुन्या अटारी यंत्रांवरून आलेली. पण फ्लॉपीवर लिहिण्याची तऱ्हा निराळी. अमिगा एका फ्लॉपीत ८८० किलोबाइट बसवी, एसटी ३६० किंवा ७२०; आणि एकाचे लिहिलेले दुसऱ्याला सहजासहजी वाचता येत नसे. सारे भांडण या एवढ्याशा गोष्टीत होते. मधल्या सुट्टीत पोरे फ्लॉपींची देवघेव करीत (विकत घेतलेल्या थोड्या, नकललेल्या फार), आणि ज्याच्या घरी अमिगा त्याला एसटीवाल्या मित्राचा काडीचाही उपयोग नसे. शिवाय यंत्र म्हणजे घरातली मोठी खरेदी. बापाने एकदा खिसा रिकामा केला की पुढली चार-पाच वर्षे दुसऱ्या यंत्राचे नाव काढायची सोय नाही. मग आपल्या टेबलावर आहे तेच जगात श्रेष्ठ, हे स्वतःला आणि शेजाऱ्याला पटवण्याखेरीज पोराने करावे तरी काय?

आता गंमत अशी की, ज्या दोन नावांसाठी ही पोरे हमरीतुमरीवर येत, त्या नावांची आधीच अदलाबदल होऊन गेली होती. ती हकीकत सांगायची तर जॅक ट्रमीलपासून सुरुवात करावी लागेल.

ट्रमील मूळचा पोलंडमधील वूत्श शहरचा, १९२८ सालचा जन्म, घराणे ज्यू. नाझींनी त्याला कुटुंबासह आधी वस्तीत कोंडले, मग ऑश्विट्झला धाडले आणि तिथून हॅनोव्हरजवळच्या वेठबिगारीच्या छावणीत. वडील तिथेच गेले. १९४५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन सैनिकांनी छावणी सोडवली, तेव्हा पोरगा सोळा वर्षांचा होता. १९४७ साली तो अमेरिकेस गेला, सैन्यात भरती झाला, तिथे कचेरीतली यंत्रे दुरुस्त करायला शिकला, आणि पुढे न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात टाइपरायटरचे दुकान काढून बसला. त्यातून कमोडोर कंपनी उभी राहिली. टाइपरायटर गेले, बेरजेची यंत्रे आली. ती गेली, कॅल्क्युलेटर आले. त्यात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने त्याला जबर तडाखा दिला. आपल्या चिपा विकत घेऊन कॅल्क्युलेटर बनवणाऱ्यांच्या पुढे या कंपनीने स्वतःचेच कॅल्क्युलेटर स्वस्तात मांडले. ट्रमील बुडता बुडता वाचला आणि एक गाठ मनाशी बांधून उठला. १९७६ साली त्याने एमओएस टेक्नॉलॉजी ही चिपा बनवणारी कंपनीच विकत घेतली. पुढल्या वर्षी 'पेट' हा संगणक आला आणि १९८२ साली ५९५ डॉलरांना 'कमोडोर ६४'. मग त्याने किमती अशा पाडत नेल्या की १९८३ च्या शरदात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने घरगुती संगणकांचा धंदाच सोडला. सूड म्हणावा तर हा. अटारीसुद्धा त्याच झोडपणीत खिळखिळी झाली.

आणि एवढा जय मिळवून तीन महिने होतात न होतात तोच, १९८४ च्या जानेवारीत, कंपनीचा अध्यक्ष अर्व्हिंग गूल्ड याच्याशी बिनसून ट्रमील स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडला.

दुसऱ्या बाजूला जे मायनर. हा माणूस निराळ्या मातीचा. अटारीचे घरोघर पोचलेले खेळयंत्र आणि १९७९ चे ४०० व ८०० हे संगणक, यांच्यातल्या चित्राच्या चिपांमागे डोके त्याचे. त्याला ६८००० वर मोठे यंत्र करायचे होते. वरिष्ठांनी नकार दिला, तेव्हा त्याने अटारी सोडली. १९८२ साली तो एका नव्या छोट्या कंपनीत गेला. तीच पुढे अमिगा झाली. स्पॅनिशमध्ये अमिगा म्हणजे मैत्रीण. मायनरची मिची नावाची कुत्री रोज त्याच्याबरोबर कचेरीत येई. पैशाची मात्र कायम चणचण. वरकमाईसाठी कंपनी जॉयस्टिक विकी, आणि 'जॉयबोर्ड' नावाचा एक पाटही, ज्यावर उभे राहून तोल सावरत खेळायचे. यंत्र पुरे होण्याआधीच तिजोरी आटली. तेव्हा अटारीने पाच लाख डॉलर उसने दिले. अट ही की, १९८४ च्या जूनअखेर फेड झाली नाही तर चिपा अटारीच्या.

मुदत भरता भरता अमिगाने पैसे परत केले. ते आले होते कमोडोरकडून. जुलैत ट्रमीलने अटारीचा संगणकांचा आणि घरगुती खेळांचा धंदा वॉर्नर कंपनीकडून रोख दमडी न मोजता, नुसत्या वचनचिठ्ठ्यांवर ताब्यात घेतला. ऑगस्टमध्ये कमोडोरने अमिगा आख्खी विकत घेतली. कमोडोरचा जन्मदाता अटारीच्या गादीवर बसला आणि अटारीच्या यंत्रांचा शिल्पकार कमोडोरच्या घरात आला! अमिगावाले पोर ज्या पेटीला नाके मुरडी, ती कमोडोरच्या मूळ पुरुषाने काढलेली होती; आणि एसटीवाला अटारीच्या नावाने छाती फुगवी, तेव्हा त्या नावाला मोठेपणा ज्याने दिला तो पलीकडे बसला होता. कोर्टकज्जे झाले ते ओघानेच. सोडून गेलेले इंजिनिअर आपली गुपिते घेऊन गेले, असा कमोडोरचा दावा. तर अमिगाच्या चिपांवर हक्क आमचा, असा अटारीचा. १९८७ साली ते आपसात मिटले.

ट्रमीलने एसटी उभे केले ते सहा-सात महिन्यांत. शिराझ शिवजी हा त्याचा मुख्य इंजिनिअर, तोही कमोडोरमधूनच आलेला. १९८५ च्या जानेवारीत यंत्र प्रदर्शनात मांडले गेले. ५१२ किलोबाइट स्मृती आणि काळापांढरा पडदा मिळून ७९९ डॉलर. रंगीत पडदा हवा तर ९९९. अमिगाचा थाट राजेशाही. २३ जुलै १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये समारंभ झाला आणि अँडी वॉरहॉल या नामांकित चित्रकाराने डेबी हॅरी या गायिकेचे चित्र त्या यंत्रावर रंगवून दाखवले. किंमत १२९५ डॉलर, पडदा वेगळा, आणि स्मृती एसटीच्या निम्मी.

मला विचाराल तर कारागिरी अमिगाची थोर. चित्राला, हलत्या आकृत्यांना, आवाजाला तिने स्वतंत्र चिपा दिल्या होत्या, त्यामुळे मुख्य मेंदूवरचा भार हलका होई. रंग ४०९६, आवाजाचे चार पदर, तेही दोन कानांना वेगवेगळे. एसटीजवळ ५१२ रंग, एका वेळी पडद्यावर सोळा, आणि आवाजाची चिप तीन सुरांची, जराशी चिरकी. पण जो माल बापाच्या खिशाला परवडतो तोच पोराच्या टेबलावर येतो, हे ट्रमीलइतके दुसऱ्या कुणाला उमगले नव्हते. पहिली दोन-तीन वर्षे युरोपात एसटीची सरशी राहिली.

भांडणातले मुद्दे ठरलेले असत. एसटीवाला म्हणे, आमचा मेंदू आठ मेगाहर्ट्झने धावतो, तुमचा जेमतेम सातने. हे खरे होते, आणि त्याने फारसे काही सिद्ध होत नव्हते. पण त्याचा हुकमाचा पत्ता दुसराच. एसटीच्या अंगावर वाद्ये जोडण्याची मिडी नावाची खोबण मुळातच होती. ट्रमीलने ती स्वस्तात बसवून दिली आणि युरोपातल्या संगीतकारांच्या खोल्यांत एसटी जाऊन बसले. १९८९ साली आलेला 'क्यूबेस' हा संगीतरचनेचा प्रोग्राम तर जन्मला तोच एसटीवर. अमिगावाल्याची तक्रार निराळी, आणि मला ती रास्त वाटते. खेळ बनवणारे आधी एसटीसाठी खेळ रचत आणि तोच जसाच्या तसा अमिगावर चढवीत. मग सोळाच रंग, आणि त्या सुंदर चिपा रिकाम्या बसलेल्या. पैठणी नेसवून भांडी घासायला बसवावे तसा प्रकार!

दोन्ही यंत्रे मधूनच कोलमडत, आणि कोलमडण्याची तऱ्हासुद्धा चिडवाचिडवीला पुरे. एसटी बंद पडले की पडद्यावर एका ओळीत बॉम्ब उमटत, वातीसकट. किती बॉम्ब, त्यावरून दुखणे कोणते ते ओळखायचे. दिवाळीच्या अंकात याहून अधिक काय सांगावे? अमिगा बंद पडली की काळ्या पडद्यावर लाल चौकट लुकलुके आणि तीत अक्षरे येत : 'गुरू मेडिटेशन'. हे आपल्या शब्दांचे प्रवास! सुरुवातीच्या दिवसांत यंत्र सारखे बंद पडे, तेव्हा वैतागलेले इंजिनिअर त्या जॉयबोर्डवर मांडी घालून, पाट तसूभरही न हलवता, योग्यासारखे बसत. चौकटीतले नाव त्या खेळावरून आले.

इंग्लंडात बाथ गावच्या एका प्रकाशनाने १९८८ साली दोन्ही यंत्रांसाठी मिळून 'एसटी/अमिगा फॉरमॅट' असे एकच मासिक काढून पाहिले. वर्षभरात ते मोडले आणि दोन मासिके निघाली, 'एसटी फॉरमॅट' आणि 'अमिगा फॉरमॅट'. आपल्याकडे गंधर्व आणि ललितकलादर्श १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'ला एका रंगमंचावर उभे राहिले होते. इथे तेवढेही जमले नाही.

पुढे कमोडोरने स्वस्तातली अमिगा ५०० काढली. १९८९ च्या नाताळच्या सुमारास ती बॅटमॅनच्या खेळासकट ३९९ पौंडांना मिळू लागली आणि पारडे फिरले. पण अमिगावाल्यांना विजय नीट साजरा करता आला नाही. त्यांचे सारे लक्ष समोरच्या भावाकडे. मागच्या दाराने कोण येत आहे इकडे कुणी पाहिले नाही. आले होते ते आयबीएमच्या धर्तीवरचे पीसी. कचेरीतले ते करडे, रुक्ष यंत्र. त्याला दोन्ही पक्ष एकमुखाने हसत. १९९० साली त्यावर विंडोजची तिसरी आवृत्ती आली आणि १९९३ च्या डिसेंबरात 'डूम' हा खेळ, आणि तो चालेल असा पीसी घरी आणा म्हणून पोरे हट्ट करू लागली.

२९ एप्रिल १९९४ रोजी कमोडोरने दिवाळे जाहीर केले. जे मायनर मूत्रपिंडाच्या दुखण्याने बरीच वर्षे बेजार होता; दोन महिने व्हायच्या आतच, २० जूनला, तो गेला. पहिल्या अमिगाच्या झाकणाच्या आतल्या अंगाला कारागिरांच्या सह्या साच्यातूनच उमटवलेल्या आहेत, आणि त्यांत मिचीच्या पंजाचा ठसाही आहे. स्क्रू काढल्याखेरीज तो दिसत नाही. १९९६ साली ट्रमीलने अटारी एका डिस्क बनवणाऱ्या कंपनीत विलीन करून टाकली. तो स्वतः २०१२ पर्यंत जगला.

'एसटी फॉरमॅट'ही १९९६ सालीच बंद पडले. 'अमिगा फॉरमॅट' मात्र निघतच राहिले. त्याचा शेवटचा अंक २००० साली आला. कमोडोर बुडून तोवर सहा वर्षे झाली होती.