कवडीची जात

कोहका आज भिलई शहराचा भाग आहे. पोलाद कारखाना येण्याआधी ते दुर्ग परिसरातले एक गाव होते. समुद्र इथून चारशे किलोमीटरहून अधिक दूर. तरीही देवउठनी एकादशीनंतर या भागात राऊत नाचाची पथके निघतात, तेव्हा नाचणाऱ्यांच्या पोशाखावर समुद्री गोगलगाईची कवचे ओळीने शिवलेली दिसतात. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत याच कवड्या छत्तीसगढात चलन होत्या. इतिहासकार त्यांची नोंद घेतात, पण बहुधा ‘कवडी’ एवढ्यावरच थांबतात. माझे म्हणणे असे की तेवढ्याने भागत नाही. कवडी कोणत्या जातीची, हा प्रश्न प्राणिशास्त्रज्ञाइतकाच महसुलाचा इतिहास लिहिणाऱ्याचाही आहे.

योगायोग असा की १७५८ साली बिंबाजी भोसले रतनपूरला येऊन छत्तीसगढचा कारभार पाहू लागले आणि त्याच वर्षी स्वीडनमध्ये कार्ल लिनिअसने आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत कवड्यांना शास्त्रीय नावे दिली. सगळ्या कवड्या त्याने ‘सिप्रिया’ या एकाच प्रजातीत घातल्या. त्यांतल्या चलनी कवडीला ‘मोनेटा’ म्हणजे पैसा असे नाव दिले आणि पाठीवर नारिंगी कडे असलेल्या तिच्या भावंडाला ‘अॅन्युलस’, म्हणजे वळे. जातीचे नाव बाजारातून आले, पण पुढे प्रजातीची हद्द ठरली ती वेगळ्याच पुराव्यावर. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ ट्रोशेल गोगलगाईंच्या जिभेवरचे सूक्ष्म दात तपासून त्यांचे गट पाडत असे. त्याने १८६३ मध्ये या कवड्यांसाठी ‘मोनेटारिया’ ही स्वतंत्र प्रजाती मांडली. विसाव्या शतकात शिल्डर दांपत्याने कवड्यांची बारीक विभागणी केली, आणि २००३ मध्ये ख्रिस्तोफर मायर यांनी डीएनएच्या आधारे ती पुन्हा तपासली. आज या प्रजातीत ‘सर्पमस्तक’ नावाची तपकिरी कवडीही धरली जाते. तिला चलनाचा मान कधी मिळाला नाही. म्हणजे पैशाच्या नावाची प्रजाती आता पैशाच्या हिशेबाने चालत नाही. ती नात्याने चालते.

मग हे वर्गीकरण इतिहासाच्या काय कामाचे? मोनेटा आणि अॅन्युलस यांचे बाजार वेगळे होते, यात उत्तर आहे. मोनेटाचा मोठा पुरवठा मालदीवचा. चौदाव्या शतकात इब्न बतूताने लिहून ठेवले आहे की तिथले लोक या गोगलगाई गोळा करून किनाऱ्यावरच्या खड्ड्यांत पुरत, मांस कुजून गेले की पांढरे कवच उरे, आणि ते बंगालला देऊन तांदूळ घेत. ओडिशाचे बालेश्वर बंदरही या व्यापारात होते. १७५१ ते १८०३ हा प्रांत भोसल्यांकडे होता आणि तिथला महसूल कवड्यांत मोजला जाई: चार कवड्यांचा गंडा, वीस गंड्यांचा पण, सोळा पणांचे काहण. इंग्रजांनी चार काहण, म्हणजे ५१२० कवड्यांना एक रुपया असा दर धरला आणि पुढे सारा चांदीतच मागितला. रयतेची त्यात जी कोंडी झाली, ती १८१७ च्या पाईक उठावाच्या कारणांत गणली जाते. अॅन्युलसचा मोठा व्यापार मात्र आफ्रिकेत झाला. १८४० च्या दशकात हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्यांनी झांझिबारच्या बाजूची ही स्वस्त, जड कवडी पश्चिम आफ्रिकेत जहाजे भरभरून नेली आणि तिथल्या कवडीचे मोल घसरले. तेव्हा जुन्या साठ्यात दोन्ही जातींचे प्रमाण काय आहे, यावरून माल कुठून आणि साधारण कोणत्या काळात आला, याचा माग काढता येतो.

यावर आक्षेप येतील, आणि ते पोकळ नाहीत. अॅन्युलस भारताच्या समुद्रातही सापडते, मग तिच्यावरून झांझिबार कसे सिद्ध होणार? एका कवडीवरून होणारच नाही. पुरावा प्रमाणाचा आहे, नगाचा नव्हे. दुसरा आक्षेप असा की शिवण्यासाठी कवडीची पाठ फोडतात आणि ओळखीचे नारिंगी कडे तिथेच असते. खरे आहे. पण पाठ गेली तरी कड उरते. मोनेटाची कड गाठाळ असते आणि ती एका टोकाकडे कोनांसारखी फुगते. अॅन्युलस सरळ लंबगोल दिसते. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. राऊताच्या पोशाखावरची किंवा तुळजाभवानीच्या भुत्याच्या माळेतली कवडी तुटली की नवी लावली जाते, त्यामुळे अशा वस्तूला एक काळ नसतो. म्हणूनच पोशाख हा दुय्यम पुरावा मानावा आणि पुरलेल्या मडक्यांतले, संग्रहालयांतले साठे आधी तपासावेत. तिथे मात्र ‘कवड्या, अमुक नग’ अशी नोंद अपुरी ठरते. जात, आकार आणि फोडलेल्या पाठींचे प्रमाणही लिहिले पाहिजे. न फोडलेली कवडी बहुधा मोजण्यासाठी राखलेली, फोडलेली ओवण्यासाठी. हा भेद नोंदला तर चलन कधी थांबले आणि दागिना कधी सुरू झाला, हे छत्तीसगढच्या बाबतीत अंदाजाऐवजी पुराव्याने बोलता येईल.