'मणक्यात गॅप आलाय!'

"आईच्या मणक्यात गॅप आलाय." भारतातून असा फोन तुमच्याही घरी कधी ना कधी आला असेल. पाठोपाठ व्हॉट्सअॅपवर एमआरआयचा रिपोर्ट येतो आणि त्यातला 'डिजनरेशन' हा शब्द वाचून इकडे आपली झोप उडते. इथं वाढलेली मुलं तो शब्द गूगल करतात आणि आणखीच घाबरतात. म्हणून या दिवाळीत त्या शब्दामागचा इतिहास थोडा पाहू या.

सुरुवात जर्मनीतली. १८९५ साली विल्हेल्म रॉन्टगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि जिवंत माणसाची हाडं दिसू लागली. पण दोन मणक्यांमधली गादी, म्हणजे डिस्क, साध्या एक्स-रेत दिसत नाही. दिसते ती फक्त मधली जागा. गादी झिजली की ही जागा कमी होते. म्हणजे आपण 'गॅप आला' म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा गॅप कमी झालेला असतो!

पुढचं मोठं पाऊल आपल्या अमेरिकेतलं. फाटलेल्या डिस्कचा बाहेर आलेला तुकडा डॉक्टरांना पूर्वी कूर्चेची गाठ वाटायचा. १९३४ साली बॉस्टनच्या विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी दाखवून दिलं की ही गाठ नव्हे, डिस्कच आहे आणि ती नसेवर दाबली गेली की पायात कळ जाते. सायटिकाच्या दुखण्याला एक ठोस कारण मिळालं.

तरी गादीची आतली अवस्था दिसत नव्हती. १९७३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुक इथं पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय अनुनादाच्या तंत्रानं पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचं चित्र मिळवलं. एमआरआयची ही सुरुवात. इंग्लंडमधल्या पीटर मॅन्सफील्ड यांच्यासह त्यांना २००३ चं नोबेल मिळालं. एमआरआयचं चित्र मुख्यतः शरीरातल्या पाण्यामुळं उमटतं आणि तरुण डिस्कचा गाभा पाण्यानं भरलेला असतो. म्हणून एमआरआयच्या 'टी-टू' चित्रात ती पांढरी चमकते आणि वय वाढून पाणी कमी झालं की काळपट दिसते. २००१ साली फिरमान आणि सहकाऱ्यांनी या बदलाच्या पाच पायऱ्या ठरवल्या. त्या आजही वापरात आहेत.

पण एवढं स्पष्ट दिसू लागल्यावर नवाच प्रश्न उभा राहिला. १९९४ साली पाठ अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय तपासणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ५२ टक्के लोकांची एखादी तरी डिस्क फुगलेली होती. सगळ्या डिस्क ठीक असलेले फक्त ३६ टक्के निघाले! २०१५ साली ३३ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा काहीही त्रास नसलेल्या विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत डिस्कची झीज आढळली. डोक्यावरचे केस पिकतात, तसंच हे बरंचसं आहे.

याचा अर्थ रिपोर्ट खोटा किंवा दुखणं खोटं, असा मुळीच नाही. चित्र सांगतं गादी कशी दिसते. ती दुखते का, हे एकटं चित्र सांगू शकत नाही. म्हणून डॉक्टरांना एकच विचारा: "चित्रात दिसतंय ते आणि आईला होतंय ते, यांचा मेळ बसतो का?" मात्र पायातली ताकद कमी होत असेल, मांड्यांच्या आतला भाग बधिर झाला असेल किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला असेल, तर वाट पाहू नका. लगेच दवाखाना गाठा.

एरवी पुढच्या वेळी तो फोन आला, की रिपोर्ट उघडण्याआधी आईला विचारा, "आई, दुखतंय कुठं? चालता येतंय ना?" शंभराहून अधिक वर्षांच्या या चित्रांच्या इतिहासात हा प्रश्न अजून जुना झालेला नाही.