द कॅट हू कुड रीड बॅकवर्ड्स

अमेरिकन लेखिका लिलियन जॅक्सन ब्राउन (१९१३–२०११) यांची रहस्यकादंबरी, प्रकाशन १९६६. नायक जिम क्विलरन हा एकेकाळचा नावाजलेला गुन्हेवार्ताहर. दारूच्या व्यसनातून सावरून तो ‘डेली फ्लक्सियन’ या वृत्तपत्रात रुजू होतो, पण त्याच्याकडे येतो तो कलेचा विभाग, ज्यातले त्याला ओ की ठो कळत नाही. एका कलादालनाच्या मालकाचा खून होतो आणि क्विलरनमधला जुना बातमीदार जागा होतो. त्याच्या शोधाला दिशा देतो कोको हा सयामी बोका. मथळ्यांवरून तो उजवीकडून डावीकडे नाक फिरवतो. शीर्षक त्यावरूनच आले. बोका बोलत नाही, तर्क मांडत नाही. अर्थ लावायचा तो वार्ताहरानेच. हा संयम हेच कादंबरीचे खरे बळ. रक्तपाताचे वर्णन टाळणाऱ्या ‘कोझी’ रहस्यकथेच्या लोकप्रियतेत या कादंबरीपासून सुरू झालेल्या मालिकेचा मोठा वाटा आहे. ब्राउन स्वतः ‘डेट्रॉइट फ्री प्रेस’मध्ये दीर्घकाळ पत्रकार होत्या, त्यामुळे संपादकीय कक्षातले हेवेदावे अस्सल उतरले आहेत. १९६८च्या तिसऱ्या पुस्तकानंतर मालिका थांबली, ती थेट १९८६मध्ये पुन्हा सुरू झाली. २००७पर्यंत २९ कादंबऱ्या निघाल्या.