चाक आणि त्याचा राखणदार

दख्खनच्या पठारावर चाक पुरातन असले, तरी चाकांवरची दूरची मालवाहतूक फारशी जुनी नाही. पेशवाईच्या अखेरीपर्यंत घाटावरून कोकणात उतरणारे धान्य आणि कोकणातून वर येणारे मीठ हे मुख्यतः लमाण-वंजाऱ्यांच्या तांड्यांतील बैलांच्या पाठीवरून जात असे. गाडी होती ती भरीव चाकांची, बोजड, आणि हलविण्यास बैलांच्या अनेक जोड्या मागणारी. त्यामुळे ती गावातील एखाद्या सधन कुळापाशीच आढळे. १८३० मध्ये बोरघाटाचा रस्ता गाड्यांना खुला झाला, आणि १८३५ नंतर पुणे-सोलापूर भागात जमीनमहसुलाच्या फेरपाहणीचे काम गोल्डस्मिड यांच्या हाती असताना, सोलापूर जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे लेफ्टनंट गेसफर्ड यांच्या देखरेखीखाली सुधारलेल्या, हलक्या गाड्या बांधण्याचा कारखाना सरकारने उभारला. सामान्य रयतेला परवडेल आणि एका जोडीने ओढता येईल अशी गाडी मुलखात पसरू लागली ती या सुमारास. त्या गाडीपासून आजच्या उसाच्या ट्रॅक्टरपर्यंतच्या प्रवासात चाक कसकसे बदलत गेले, याहीपेक्षा त्या चाकाची निगा कोणाच्या शिरावर होती, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

आऱ्यांच्या चाकाची घडण ही दोन बलुतेदारांची संयुक्त कामगिरी होती. सुतार बाभळीसारख्या चिवट लाकडाचा तुंबा घडवी, त्यात आरे ठोकून बसवी आणि परिघाचे वक्र तुकडे एकमेकांत सांधून चाक पुरे करी. मग लोहाराची पाळी येई. चाकाच्या घेरापेक्षा किंचित आखूड ठेवलेली लोखंडी धाव गोवऱ्यांच्या आगीत लालबुंद करावयाची, तापून ती प्रसरण पावली की सांडशीने उचलून चाकावर चढवावयाची, आणि लाकूड पेट घेण्यापूर्वी तीवर पाणी ओतावयाचे. थंड होताना आकसणारे लोखंड सर्व सांधे असे आवळून धरी की खिळ्यांना ते साधले नसते. परंतु हे बंधन कायमचे नसे. चैत्र-वैशाखात लाकूड वाळून आटले म्हणजे धाव सैल पडे, आरे खुळखुळू लागत, आणि तेव्हा चाक पाण्यात भिजत घालणे किंवा धाव काढून, कापून पुन्हा चढविणे, असे दोनच उपाय असत. या दुरुस्तीचा मोबदला बहुधा सुगीच्या वेळी खळ्यावरच्या धान्यात, म्हणजे बलुत्यात, पोचत असल्याने चाक मोडण्याची वाट पाहण्यात सुताराचा काडीचाही लाभ नव्हता. उलट त्याने वेळीच पाहिलेले चाक त्याचेच पुढील श्रम वाचवी. शेतकऱ्याकडे उरलेले काम रोजचे होते: आसाला वंगण घालणे, चाक आसावरून निसटू न देणारी कुणी जागेवर आहे ना हे निघण्यापूर्वी पाहणे, आणि चाकाचा आवाज बदलला की गाडी थांबविणे. आठवड्याच्या बाजाराला निघणाऱ्या कोणाही गाडीवानाला ही तपासणी कोणी शिकवावी लागत नसे.

निगेइतकेच शास्त्र होते ते ओझे लादण्याचे. दोन चाकांची गाडी आसावर तोललेली असते. माल पुढे अधिक झाला तर जू बैलांच्या मानेत रुतते, आणि मागे अधिक झाला तर गाडी उलाळ होऊन जू वर उचलले जाते, गळ्यातील जोते बैलांना फास लावते आणि चढावर गाडी मागे कलंडण्याचा धोका उत्पन्न होतो. म्हणून जाणता गाडीवान माल असा रची की धुरेवर थोडे वजन राहावे, पण ते थोडेच राहावे. घाट चढताना विसावा घ्यावयाचा तर चाकाखाली धोंड्याची उटी लागे, आणि उतरताना गाडी बैलांच्या अंगावर येऊ नये म्हणून चाकांना रोध करावा लागे. ओढण्यापेक्षा रोखणे कठीण, हे ज्ञान घाटातील प्रत्येक गाडीवानाजवळ होते.

या लोखंडी चाकाचा शत्रू ठरला तो पक्का रस्ता, किंवा अधिक न्यायाने बोलावयाचे तर, पक्क्या रस्त्याचा शत्रू ठरले ते लोखंडी चाक. अरुंद धावेवर एकवटलेला भार खडीचा थर चिरीत जाई आणि एकाच मागाने जाणाऱ्या गाड्यांच्या चाकोऱ्या खोल होत जात. मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या समितीने देशातील रस्त्यांच्या विकासाचा विचार केला आणि १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी अस्तित्वात आला. मोटारीसाठी बांधलेल्या रस्त्यावर बैलगाडीने कसे चालावे, हा प्रश्न त्यामुळे अधिकच तीव्र झाला. उत्तर रबरात होते. गुडइयर यांना १८३९ मध्ये रबर गंधकासह तापवून टिकाऊ करण्याची युक्ती सापडली होती, हवा भरलेल्या चाकाचे पेटंट टॉमसन यांनी १८४५ मध्येच घेतले होते, आणि १८८८ मध्ये बेलफास्ट येथे डनलॉप यांनी तीच कल्पना स्वतंत्रपणे शोधून व्यवहारात आणली. १९३६ मध्ये हुगळीकाठी साहागंज येथे डनलॉप कंपनीचा कारखाना निघाला, आणि हवेच्या टायरांची गाडी हळूहळू खेड्यांत येऊ लागली. पक्क्या रस्त्यावर तीच जोडी अधिक माल कमी कष्टाने ओढू लागली, रस्त्याची झीज घटली, गाडीवानाची हाडे खिळखिळी होण्याचे थांबले. हे लाभ खरे आहेत आणि त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु या नव्या चाकाबरोबर जुना राखणदार आला नाही. सैल धाव आवाजाने आपली व्यथा सांगे. हवा कमी असलेला टायर मुकाट्याने चालतो. भार घेऊन फिरताना त्याच्या बाजू वारंवार दुमडतात, दुमडण्याने उष्णता साठते, आतील थर सुटू लागतात आणि शेवटी तो भररस्त्यात फुटतो. पंक्चर काढणारा कारागीर कुशल असतो, पण तो दोष घडून गेल्यावर भेटतो. सुतार दोष घडण्यापूर्वी भेटत असे. शिवाय बॉल बेअरिंगवरचे चाक इतके सुलभ फिरते की ब्रेक नसलेली भरली गाडी उतारावर बैलांनाच पुढे ढकलते.

ही उणीव ठळक झाली ती साखरेच्या हंगामात. १९५०-५१ च्या हंगामात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना चालू झाला आणि त्याच्या मागोमाग पश्चिम महाराष्ट्रात अनेक कारखाने उभे राहिले. तोडलेल्या उसातील साखर तासागणिक उतरते, म्हणून ऊस त्वरेने गव्हाणीत पडलाच पाहिजे. या घाईच्या पोटी बीडसारख्या जिल्ह्यांतून येणाऱ्या तोडणी मजुरांच्या हाती कारखान्याने भाड्याने दिलेल्या टायरगाड्या आल्या. गाडी एकाची, बैल दुसऱ्याचे आणि घाई तिसऱ्याची, अशा व्यवस्थेत टायरमध्ये हवा पाहण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे कोणत्याही दफ्तरात स्पष्टपणे नोंदलेले आढळत नाही.

पुढे बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला आणि त्याच्यामागे एक, पुष्कळदा दोन ट्रॉल्या लागल्या. येथे जुने शास्त्र जसेच्या तसे लागू पडते. एका आसाच्या ट्रॉलीत माल मागे जड झाला, तर ती हुकाला वर उचलते, ट्रॅक्टरच्या मागील चाकांची पकड कमी होते आणि ट्रॉली डोलू लागते. म्हणजे ती उलाळ झालेली गाडीच होय. स्वतःचा ब्रेक नसलेली भरली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला मागून रेटते आणि वळणावर आडवी होते. म्हणजे घाटातील तोच जुना धोका शतपटीने वाढलेला. हुकाची पिन ही नव्या युगाची कुणी आहे, आणि ती निसटलीच तर ट्रॉलीला धरून ठेवणारी साखळी हवी, हा विचार गाडीवानाच्या सावधगिरीहून निराळा नाही. रात्रीच्या रस्त्यावर मागील मोटारीला उसाची ही भिंत दिसावी, म्हणून प्रत्येक हंगामात परावर्तक पट्ट्या लावण्याची मोहीम होते; ती स्तुत्य आहे, पण पट्टी मागून येणाऱ्याला सावध करते, पुढच्या चाकाची हयगय ती भरून काढीत नाही.

बलुतेदारी परत यावी असे मी म्हणणार नाही. तिच्यात जन्माने लादलेले श्रम होते आणि मोबदल्यातील अन्यायही होता. तथापि तिने एक गोष्ट निश्चित केली होती: प्रत्येक चाकाला एक नावानिशी ठाऊक असलेला राखणदार. ज्या कारखान्याच्या दारात शेकडो चाके रोज येतात, त्याने वजनकाट्याशेजारी हवेचा दाब, हूक-पिन, साखळी आणि ब्रेक पाहणारा पगारी माणूस नेमावा, त्याच्या हाती सदोष गाडी अडविण्याचा अधिकार द्यावा, आणि अडलेल्या वेळेचा भुर्दंड मजुरावर किंवा चालकावर पडू देऊ नये. उसाचे वजन जितक्या काटेकोरपणे नोंदले जाते, तितक्याच काटेकोरपणे चाकाची तपासणी नोंदली गेली, तर टेंभुर्णीपासून सुरू झालेल्या या सुधारणेचा अपुरा राहिलेला भाग पुरा होईल.